दुकान चालू आहे, तिजोरी बदलत आहोत

डिसेंबर २०२१ मधला एक रविवार. कोथरूडला आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. सकाळी साडेआठला गुरुजी आले, दिव्यांचं ताट तयार झालं, आजोबा नवं उपरणं घेऊन पाटावर बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई कुठेय?"

ताई म्हणजे माझी मामेबहीण. ती होती ना. शेजारच्या खोलीत. दार लावून, कानात हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. तिकडे अमेरिकेत शनिवारची रात्र होती, दहा वाजले होते आणि एका बँकेचा 'चेंज विंडो' उघडला होता. म्हणजे वर्षातल्या त्या मोजक्या रात्रींपैकी एक, जेव्हा सिस्टीम बंद करायची परवानगी मिळते. आठ जणांच्या सह्या, तीन कॉन्फरन्स कॉल. ताईच्या टीमला काय करायचं होतं? एका मशीनला एक जादा कार्ड द्यायचं होतं. बस्स! कार्ड आधीच बसवलेलं. नुसतं 'हे आता तुझं' असं सांगायचं होतं. पण ते सांगण्यासाठी मशीन बंद करावं लागणार होतं, आणि बँकेचं मशीन बंद करून परत उभं करणं म्हणजे लग्नाचं कार्यालय रिकामं करून पुन्हा वऱ्हाड बसवण्यासारखं.

ताई बाहेर आली तेव्हा दीड वाजला होता. औक्षण झालेलं, पहिली पंगत उठलेली. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तिच्या ताटात श्रीखंड वाढायला सांगितलं. ती जाम रडली. आजोबांसमोर नाही, माझ्यासमोर, गॅलरीत.

तेव्हा मी तिला विचारलं होतं, की एवढं अडतं कशावर? या प्रश्नाचं उत्तर पुढची तीन वर्षं हप्त्याहप्त्याने मिळत गेलं. आज ते तुमच्या गळी उतरवणार आहे. घाबरू नका, फंडा सोपा आहे. डोक्यावरून बाउन्सर जायला लागला तर चहा घेऊन या.

तर ताईच्या टीमकडे आहे मेनफ्रेम. आयबीएम झेड. मेनफ्रेम म्हटलं की आपल्याला सिनेमातले फिरणाऱ्या टेपवाले डबे आठवतात, पण हे प्रकरण म्युझियममध्ये गेलेलं नाही. जगातल्या कितीतरी मोठ्या बँकांचे हिशेब आजही याच कपाटात होतात. आणि त्यावर लिनक्सही चालतं. डिसेंबर १९९९ मध्ये आयबीएमने मेनफ्रेमसाठीचे लिनक्सचे पॅचेस खुले केले, तेव्हापासून ही जोडी जमलेली आहे.

एवढं मोठं मशीन एकाच कामाला जुंपणं म्हणजे वाड्यात एकट्याने राहणं. म्हणून त्यात भाडेकरू ठेवतात. एकाच लोखंडी मशीनच्या आत बरीच खोटी-खोटी मशीन्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन्स. प्रत्येकाला वाटतं आपणच मालक. मूळ मशीनला म्हणतात होस्ट आणि भाडेकरूला गेस्ट. (भाडं भरणारा गेस्ट! सदाशिव पेठेत याला पेइंग गेस्ट म्हणतात आणि रात्री दहानंतर आत घेत नाहीत.)

आता या वाड्यात एक खास वस्तू असते. क्रिप्टो एक्सप्रेस नावाचं कार्ड. तुम्ही एटीएममध्ये पिन टाकता, तो पिन गुप्त भाषेत गुंडाळून पुढे जातो. तो कुठेतरी उलगडून तपासायला तर हवा! पण साध्या कॉम्प्युटरच्या मेमरीत उलगडला, तर तिथला कुठलाही चलाख माणूस वाचू शकेल. म्हणून ही कामं एका बंद डबीत होतात. अशा डबीला हार्डवेअर सिक्युरिटी मोड्यूल म्हणतात. क्रिप्टो एक्सप्रेस हे त्याच जातीचं, पण सॉलिड कडक. एफआयपीएस १४०-२ या अमेरिकी मानकाच्या चार पायऱ्यांपैकी सगळ्यात वरची, चौथी. कुणी भोक पाडायला गेलं, तापमान किंवा व्होल्टेजशी खेळ केला, तर कार्ड आतल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकतं. चोर आत शिरेपर्यंत तिजोरी रिकामी!

सगळ्यात महत्त्वाची ती मास्टर की. बाकीच्या किल्ल्या बाहेर डिस्कवर ठेवलेल्या असल्या, तरी त्या या मास्टर कीने कुलूपबंद असतात. डिस्क चोरून नेली तरी हाती येतं ते रद्दीचं बाड. मास्टर की मात्र कार्डाबाहेर कधी येत नाही. आणि ती आत भरतात तीही एका माणसाच्या हातून नाही. तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या स्मार्ट कार्डांवरून.

हे मी एकदा जेवताना सांगितलं, तर आजोबांचे डोळेच चमकले. ते बँकेत हेड कॅशियर होते, छत्तीस वर्षं. म्हणाले, "यात नवीन काय आहे? स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक मॅनेजरकडे. एकट्याने उघडायचीच नाही." त्यांना हे प्रकरण घरात सगळ्यात आधी कळलं. मी इंजिनिअर असून मला चार वेळा विचारावं लागलं.

एका कार्डाच्या आत बरेच खण असतात. त्यांना डोमेन म्हणतात. प्रत्येक डोमेनची मास्टर की वेगळी. कार्डाचा नंबर आणि डोमेनचा नंबर जोडला की एक 'क्यू' तयार होतो. म्हणजे कार्ड पाच, डोमेन चार, हा एक काउंटर. इथे आपला कागद सरकवायचा, उत्तर घेऊन निघायचं. कागदोपत्री या रचनेत २५६ कार्डं आणि २५६ डोमेन एवढी जागा आहे. प्रत्यक्षात मशीनमध्ये त्यापेक्षा कितीतरी कमी असतात, पण भाडेकरूंमध्ये वाटायला पुरतात.

वाटायचे कसे? डिसेंबर २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.२० आवृत्तीत व्हीएफआयओ-एपी नावाचा ड्रायव्हर आला. त्याचं काम एकच, काही काउंटर होस्टकडून काढून थेट गेस्टच्या हातात देणं. याला पास-थ्रू म्हणतात. 'थेट' हा शब्द इथे शब्दशः घ्या. गेस्टने क्रिप्टोची सूचना दिली की ती सरळ हार्डवेअरकडे जाते. होस्ट मध्ये बसून प्रत्येक चिठ्ठी वाचत नाही. त्यामुळे वेगही मिळतो आणि मधल्या माणसाचा संशयही कमी.

पद्धत मजेशीर आहे. आधी होस्टला सांगायचं, की अमुक काउंटरवर तू हात ठेवू नकोस. मग गेस्टच्या नावाने एक कागदी पिशवी उघडायची (तिला मीडिएटेड डिव्हाइस असं भारदस्त नाव आहे) आणि त्या पिशवीत कार्डांचे नंबर आणि डोमेनचे नंबर टाकायचे. ही पिशवी गेस्टला द्यायची. एका गेस्टला एकच पिशवी.

पण नंबर टाकताना एक गोची आहे. समजा तुम्ही बालगंधर्वची तिकिटं काढताय, पण खिडकीवरचा माणूस म्हणतो, "ओळी सांगा आणि नंबर सांगा." तुम्ही म्हणालात, ओळी ई आणि एफ, नंबर चार आणि अकरा. तो चार तिकिटं देणार! ई-चार, ई-अकरा, एफ-चार, एफ-अकरा. 'मला ई-चार आणि एफ-अकरा एवढीच हवीत' हे चालत नाही. कार्डं आणि डोमेन यांचंही तसंच. सगळ्या गुणाकारासकट घ्या. आणि त्यातली एक जरी खुर्ची होस्टने सोडलेली नसेल, तर त्या ओळीतली एकही खुर्ची मिळत नाही. अख्खं कार्ड गाळलं जातं. नवख्यांची डोक्याची मंडई इथेच होते.

आता २०२१ च्या त्या रविवारकडे या. तेव्हा ताईच्या सेटअपमध्ये नियम असा होता, की गेस्ट एकदा चालू झाला की पिशवीला हात लावायचा नाही. नवा नंबर टाकायला गेलं की सिस्टीम म्हणायची, बिझी. मग गेस्ट बंद करा, पिशवी उघडा, नंबर टाका, गेस्ट उठवा, त्याच्यावरची बँकेची सॉफ्टवेअरं एकामागून एक उठवा, प्रत्येकाची तब्येत विचारा. नंबर टाकायला लागली सात सेकंद. बाकी पाच तास हे बाकीचं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये लिनक्सची ६.० आवृत्ती आली आणि त्यात ही गाठ सुटली. आता चालत्या गेस्टच्या पिशवीत नंबर टाकला, तर तो काउंटर त्याच क्षणी गेस्टला दिसायला लागतो. काढला, तर त्याच क्षणी जातो, आणि जाताना रीसेट होतो. रांगेत राहिलेले कागद, आधीच्या भाडेकरूचं अर्धवट काम, सगळं पुसून. गेस्ट बंद करायची गरज नाही. दुकान चालू, तिजोरी बदलणं चालू.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आता प्रत्येक पिशवीच्या दोन याद्या असतात. एक, तुम्ही काय मागितलंय. दुसरी, गेस्टला खरोखर काय मिळालंय. समजा एक कार्ड बिघडलं म्हणून मेनफ्रेमच्या कन्सोलवरून काढून ठेवलं. गेस्टच्या हातातून ते जातं, दुसऱ्या यादीतून त्याचं नाव कमी होतं. पण पहिल्या यादीत ते राहतं. कार्ड दुरुस्त होऊन परत आलं की ज्याचं त्याला आपोआप मिळतं, कुणी रात्री जागून सांगावं लागत नाही. आपल्या ऑफिसातही अप्रायझलच्या वेळी अशा दोन याद्या भिंतीवर लावल्या तर काय बहार येईल!

आणि होस्टवरचा ॲडमिन कितीही मोठा असला, तरी गेस्ट वापरत असलेला काउंटर तो मास्क बदलून हळूच परत ओढू शकत नाही. सिस्टीम नकार देते. आधी पिशवीतून रीतसर काढा, मग न्या. घरमालकाने भाडेकरू आत असताना कुलूप बदलायचं नाही, हे पुण्यातल्या काही मालकांना कुणीतरी समजावून सांगा. तसंच एकच काउंटर दोन गेस्टना देता येत नाही. दुसऱ्याच्या पिशवीत टाकायला गेलात तर उत्तर येतं, हा पत्ता आधीच कुणीतरी घेतलाय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळंच जमतं असं नाही. अशी पिशवी असलेला गेस्ट चालता चालता एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर हलवायचा म्हटलं, तर तो तसाच जात नाही. ॲडमिनने आधी पिशवी सोडवायची, मग बिऱ्हाड हलवायचं, तिकडे नवी पिशवी द्यायची. साहजिक आहे. किल्ल्या लोखंडी कार्डात आहेत, त्या वायरमधून कशा जाणार?

इथे कुणीतरी म्हणेलच, की एवढ्या कडेकोट डब्या असून चोऱ्या होतातच ना? होतात. ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या पुण्याच्याच कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी रुपये दोन दिवसांत गेले. अकरा तारखेचा शनिवार आणि मग तेरा तारखेचा सोमवार. एटीएममधून पैसे काढले गेले जगभर, २८ देशांत. पण तिथे कुणी तिजोरीचं कुलूप फोडलं नव्हतं. चोरांनी एक खोटा, समांतर स्विच उभा केला. एटीएमचे प्रश्न खऱ्या सिस्टीमकडे पोचायच्या आधीच हा खोटा स्विच 'द्या पैसे' म्हणत होता. तिजोरीला कुणी काही विचारलंच नाही! तेव्हा ताई म्हणाली होती, की कुलूप किती मजबूत आहे हे सगळे बघतात, कागद नक्की कुठल्या काउंटरवर जातोय हे कुणी बघत नाही. मला तेव्हा ते वाक्य जरा फिल्मी वाटलं. नंतर नाही वाटलं.

कारण २०२४ मध्ये जे झालं ते असं. बुधवार दुपार. अमेरिकेत पहाट. ताईच्या टीमचं एक साधं काम, बँकेच्या मुख्य गेस्टला एक नवं डोमेन द्यायचं. चालू मशीनवर, दिवसाढवळ्या, चेंज विंडो वगैरे काही नको. त्या डोमेनची मास्टर की आदल्या दिवशी अधिकाऱ्यांनी भरून ठेवलेली. त्याच दुपारी टीममधल्या एका ज्युनिअर पोराने, वय वर्षं तेवीस, टेस्टिंगच्या गेस्टला दुसरं एक डोमेन द्यायचं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं ४७. त्याने ४७ टाईप केलं. एन्टर.

प्रॉब्लेम असा, की याद्यांमध्ये हे नंबर सोळाच्या हिशेबात छापले जातात. हेक्साडेसिमल. यादीत '०५.००४७' दिसतं, तेव्हा ते आपलं सत्तेचाळीस नसतं, चार गुणिले सोळा अधिक सात म्हणजे एकाहत्तर असतं. टाईप करताना पुढे झिरो-एक्स लावलं तरच सिस्टीम ते सोळाच्या हिशेबात धरते. नुसतं ४७ टाकलं तर ती सरळ आपल्या शाळेतलं सत्तेचाळीस समजते. आणि शाळेतलं सत्तेचाळीस म्हणजे यादीतलं '२एफ'. आणि २एफ हेच ते ताजं, बँकेची मास्टर की भरलेलं, अजून कुणाला न दिलेलं डोमेन!

सिस्टीमच्या दृष्टीने चूक काहीच नव्हती. काउंटर मोकळा होता, होस्टने सोडलेला होता. तिने तो टेस्टिंगच्या गेस्टला दिला. तत्काळ. एरर नाही, धोक्याची घंटा नाही. पोरगा चहाला गेला.

आता लक्षात घ्या, २०२१ मध्ये हीच चूक झाली असती तर काय झालं असतं? पिशवी बिझी म्हणाली असती. गेस्ट बंद करायच्या रात्रीची वाट बघत ही चूक चिठ्ठीवर पडून राहिली असती, आणि आठ सह्या करणाऱ्यांपैकी एखाद्याने तरी विचारलं असतं, 'हे हेक्समध्ये आहे का?' ज्या कटकटीने ताईचं औक्षण हुकवलं, तीच कटकट इथे राखणदार होती. मी ताईला हे बोलून दाखवलं तेव्हा ती भडकली. "मग काय, परत रविवार घालवू?" नाही, तसं नाही म्हणत मी. पण गाडीचा गिअर हलका झाला की ब्रेकही तपासायला हवा की नाही?

अकरा मिनिटांनी ताईने मुख्य गेस्टच्या पिशवीत डोमेन २एफ टाकलं. उत्तर आलं, हा पत्ता आधीच कुणीतरी घेतलाय. ताई सांगते, त्या क्षणी तिच्या पोटात जो गोळा आला तसा बोर्डाच्या निकालाच्या दिवशीही आला नव्हता. सगळ्या पिशव्यांच्या याद्या काढल्या. टेस्टिंगच्या गेस्टच्या यादीत '०५.००२एफ' बसलेलं. काढलं. रीसेट झालं. मुख्य गेस्टला दिलं. सगळं मिळून दोन मिनिटं.

नुकसान? काही नाही. मास्टर की डोमेनच्या आतच होती, ती बाहेर येतच नाही. आणि तिने कुलूपबंद केलेल्या किल्ल्या टेस्टिंगच्या मशीनवर नव्हत्या, त्यामुळे उघडायला काही नव्हतंच. पण मजेची गोष्ट बघा, रीसेटने मास्टर की पुसली जात नाही. काउंटर झाडून मिळतो, तिजोरी भरलेलीच राहते. म्हणजे त्या अकरा मिनिटांत तिथे कुणी त्या कुलूपबंद किल्ल्या घेऊन बसला असता, तर त्याला बँकेच्या तिजोरीकडून हवं ते काम करून घेता आलं असतं. टेस्टिंगच्या मशीनचे पासवर्ड निम्म्या मजल्याला माहीत असतात, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ताईने रिपोर्ट लिहिला. लिहू नकोस असं सांगणारेही भेटले. झालं नाही ना काही, मग कशाला क्लायंटला सांगायचं? पोराची नोकरी जाईल. ती रात्रभर जागी होती. सकाळी तिने आजोबांना फोन केला. मला नाही, आजोबांना! आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॅश जुळली का?" जुळली. "मग रजिस्टरला नोंद कर. जुळली तरी नोंद करतात."

रिपोर्ट गेला. पुढचे दोन आठवडे कॉल झाले, तिकडच्या ऑडिटवाल्यांनी पिळून काढलं. आता त्यांच्याकडे चालत्या गेस्टला डोमेन द्यायचं असेल तर दोन माणसं लागतात. एक टाईप करतो, दुसरा मोठ्याने वाचतो. झिरो-एक्स-सत्तेचाळीस. मग एन्टर. मग दुसरी यादी काढायची, खरोखर काय मिळालं ती, आणि तीही मोठ्याने वाचायची. बाजूच्या क्युबिकलवाले याला परवचा म्हणतात. पाच मिनिटं लागतात. पाच तासांपेक्षा बरी.

यंदा दिवाळीत ताई पहिल्या पंगतीला होती. लॅपटॉप घरी, फोन सायलेंट. आजोबांनी चकली मोडता मोडता तिला विचारलं, "आणि त्या पोराचं काय झालं गं? ठेवला ना?"

"ठेवला की, आजोबा. तीन महिने हातातून किल्ल्या काढून घेतल्या होत्या फक्त."

"आणि आता?"

"आता मोठ्याने वाचायचं काम त्याच्याकडेच आहे."